गुलाबच्या रक्ताचा रिपोर्ट

नागपूर, १७ ऑक्टोबर १९८६

सौ. मनकर्णास पुंडलिकचा आशीर्वाद. आपली गुलाब खुशाल आहे, हे आधी वाच.

एक रक्ताचा रिपोर्ट हाती यायला आठवडाभर इथं बसावं लागलं, सौंसरला संत्र्याची तोड थांबली अन् पोरीच्या हातात दोनदा सुई गेली. पोर रडली नाही. आईचा गुडघा कसा आहे?

फिटच्या गोळीचं औषध रक्तात किती आहे, ते या तपासणीत कळते. अष्टमीला फिट आली म्हणून डॉक्टर गोळी वाढवणारच होते. मी ठासून सांगितलं, "रोज माझ्या हातानं देतो. वर्षभरात एक चुकली नाही." रिपोर्टात औषध जवळपास नाहीच निघालं.

बाहेर बाकावर गुलाब नर्सबाईशी बोलून राहिली होती. माझे कान तुला माहीत आहेत, दाराआडून ऐकू आलं.

"बाबा रात्री जेवून उठले का मले गोळी देते. नवरात्रात बाबा जेवतच नव्हते."

डॉक्टरांना जाऊन खरं सांगितलं. गोळी वाढली नाही. आता ती गुलाबच्या जेवणावर द्यायची.

डबीतल्या गोळ्या मोजल्या. आठ जास्त निघाल्या.

पुंडलिक