न तपासलेला स्पीकर

मास्तर, तुमची स्पीकरची जोडी काल वाजली. वाजत आधीही होती, पण काल नीट वाजली, डग्गा पोटात लागला. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली, तेव्हा खूश झालात की नाही ते मला कळायचं नाही. तरी लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंतची आणि अक्षर कसं आहे ते तुम्ही तुमच्या बिलबुकात पाहिलेलं आहे, त्यावर बोलू नका.

आमची नायगावची चाळ पाडली. आता सतराव्या मजल्यावर राहते. जुन्या खोलीत तुमच्या एका स्पीकरवर टीव्ही होता आणि दुसऱ्यावर तांदळाचा डबा, म्हणून सुनेला त्यांची अडचण वाटत नव्हती. नव्या घरात आल्यावर वाटायला लागली. म्हणाली, आई, ही दोन खोकी हॉलमध्ये शोभत नाहीत, रविवारी एक माणूस बघायला येतोय, देऊन टाकू. नातीने मध्ये तोंड घातलं. ती नोकरी करते, घरात तिच्या शब्दाला वजन आहे. म्हणाली, मम्मी, वेडी आहेस का, ही विंटेज आहेत, लोक शोधत फिरतात. मी म्हटलं, विंटेज तर मीही आहे, मला कोणी शोधत आलेलं बघितलं नाही. शेवटी सुनेने सांगितलं, रविवारपर्यंत चांगली वाजली तर राहू देत, नाहीतर जाऊ देत. बाई वाईट नाही. सोफा घ्यायचाय तिला.

नातीने आधी मित्राकडून शंभर वॅटचा अॅम्प्लिफायर उचलून आणला. मी विचारलं, मिरवणूक काढायची आहे काय? तिला वाटलं, आजी थट्टा करतेय. मग मी तिला जाळी काढून दाखवली, की हा शंकूसारखा कोन कागदाचा, टपालाच्या पाकिटाएवढा हलका, आणि मागे लोहचुंबक केवढं ते बघ. याला दहा वॅट दिलेस तर खोली भरेल. शंभर म्हणजे मांजराला घोड्याचा चारा. ती बघतच राहिली. हिला हे कोणी शिकवलं, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. तुमचं नाव सांगितलं.

ठाकूरद्वारच्या त्या वाडीतली तुमची दुरुस्तीची खोली अजून डोळ्यांसमोर आहे. खिडकीशी बाक, बाकावर मी, आणि समोर फाटक्या कोनांचे स्पीकर उताणे पडलेले. पहिल्या आठवड्यात मी कडेला भरपूर गोंद लावला, बिचाऱ्याला परत सुटायला नको म्हणून. तुम्ही चष्म्यावरून बघता आणि म्हणता, "बाई, पोळीला तूप लावतेस का?" मग तो अख्खा कोन मला सोडवायला लावता. बोटांची कातडी निघाली. त्यानंतर माझ्या हातून गोंद कधी जास्त लागला नाही. सुनेच्या पोळीला तूपही जास्त लागत नाही, ती कुरकुर करते.

तर शंभर वॅटवाला परत गेला आणि नात वॉल्ववाला जुना अॅम्प्लिफायर घेऊन आली, आत दिवे पेटतात तसला. हा बरोबर होता. पण तिने तारा मागच्या चारच्या आकड्याला लावल्या होत्या. मी म्हटलं, सोळाला लाव. सोळा ओहम म्हणजे काय ते मला पुस्तकातलं येत नाही. स्पीकर विजेला किती अडवतो त्याचा तो आकडा, आणि अॅम्प्लिफायरने तेवढ्याच अडवण्याची तयारी ठेवायची, एवढं मला पुरतं. ती म्हणाली, "आजी, मीटर न लावता तुला कसं माहीत?" म्हटलं, आतली कॉइल मी गुंडाळली आहे, मला नाही तर कोणाला माहीत असणार.

सोळाला लावल्यावर आवाज गोड झाला. पण डग्गा नाही. गाणारी बाई समोर मध्ये बसलेली वाटायला हवी, ती चारी भिंतींतून बोलत होती. नात म्हणाली, काहीतरी मिसिंग आहे यार. मास्तर, तुम्हाला अकरा वर्षं जे ऐकू येत होतं ते मला पहिल्यांदा माझ्या घरात ऐकू आलं.

ती जोडी तुम्ही कुठल्याशा बंद पडलेल्या थिएटरातून आणली होती, स्वतःसाठी. गिऱ्हाईकांसाठी शंभर स्पीकर दुरुस्त करणाऱ्या माणसाने आपल्यासाठी आणलेली एकच वस्तू. सागवानी पेट्या करवून घेतल्या. आणि मग त्या अकरा वर्षांत वॉल्ववाला लावला, ट्रान्झिस्टरवाला लावला, पुण्याहून एक मागवला, एक स्वतः बांधला. दर वेळी भजनाची तीच तबकडी लावून डोळे मिटून बसायचात आणि उठून म्हणायचात, नाही, हाही नाही यांचा जोडीदार. दुसऱ्या कोणी ते कोन बसवले असते तर तुम्ही पहिल्याच दिवशी स्पीकर तपासले असते. पण बसवले होते मी. आणि दारात आलेल्या प्रत्येकाला तुम्ही सांगत होतात, हिचं काम मी तपासत नाही. मला तुमच्याकडून मिळालेली शाबासकी एवढीच, आणि तीच भोवली.

कोन बसवला की टॉर्चचा सेल तारांना टेकवून बघायचं. कोन पुढे उडाला तर सेलची टोपी ज्या टोकाला टेकली त्यावर लाल ठिपका द्यायचा, पुढे तारा त्या ठिपक्यावरून जोडतात. दोन्ही स्पीकर एकाच वेळी पुढे आले पाहिजेत. एक पुढे आणि एक मागे गेला तर दोघे एकमेकांचा डग्गा खातात. हे तुम्हीच शिकवलंत. त्या जोडीचा पहिला स्पीकर मी शुक्रवारी केला, सेल लावून. दुसरा शनिवारी. चाळीत पाणी चारला यायचं आणि सासूची कंबर धरलेली. तीनची बस चुकली तर दुसऱ्या दिवसापर्यंत घरात घागर रिकामी. मी सेल शोधत बसले नाही. ठिपका अंदाजाने दिला. सोमवारी येऊन तपासू म्हटलं. सोमवारी मी पोचायच्या आत तुम्ही तो पेटीत बसवून वर पॉलिश मारलं होतं, आणि एका गिऱ्हाइकासमोर ते वाक्य पहिल्यांदा बोललात. त्यानंतर पेटी उघडा म्हणायला माझी जीभ उचलली नाही. मनाशी म्हटलं, दोनच तर टोकं, बरोबरही लागला असेल. मग एकेक अॅम्प्लिफायर येत गेला, जात गेला. दुकान बंद करताना तुम्ही जोडी माझ्याकडे दिलीत. म्हणालात, तुझ्या हातची आहे, तूच ठेव, मला काही जमलं नाही.

शनिवारी दुपारी सून बाजारात गेली होती. मी टीव्हीच्या रिमोटमधला सेल काढला आणि नातीला म्हटलं, कोनाकडे बघत राहा. सेलची टोपी लाल ठिपक्याला टेकवली, पहिला पुढे आला. दुसऱ्याला टेकवला, तो आत ओढला गेला. पोरगी म्हणाली, "अगं, हा उलटा आहे." मी त्याच्या दोन तारा बाहेरून अदलाबदल केल्या आणि तबकडी लाव म्हटलं. डग्गा आला. गाणारी बाई मध्ये येऊन बसली. नात जमिनीवर बसून ऐकत होती. सून पिशव्या घेऊन आली ती दारातच उभी राहिली. चप्पल न काढता म्हणाली, "हे आपले?" रविवारच्या माणसाला तिनेच फोन करून नको सांगितलं. सोफा आता दुसऱ्या भिंतीला येणार आहे.

अॅम्प्लिफायर तुमचे सगळे चांगले होते, मास्तर. पुण्याचा तर फारच चांगला होता. तुमच्या कानातही काही खोट नव्हती. हे तुम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं आणि सांगणारं माणूस तुमच्या बाकावर बसलेलं होतं.

आज जेवताना नात मला विचारते, आजी, पण हे उलटं केलं कोणी? घरचे सगळे ऐकत होते. सकाळपासून आजीचं कौतुक चाललं होतं, सुनेने पहिल्यांदाच पोळीला तूप जास्त मागितलं नव्हतं. मी म्हटलं, मास्तरांकडून राहून गेलं असेल. ती हसली, म्हणाली, चलता है, एवढ्या जुन्या माणसाचं. मी तिला हसू दिलं.

इथे मी लिहिलं होतं की उद्या तिला खरं सांगते. ती ओळ खोडली आहे.