अमेरिकेचं कापूस वेचायचं गाणं

मास्तर,

तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. आज लिहायला बसलो ते आठवण आली म्हणून नव्हे. तुमच्याबद्दल माझ्या मनात लहानपणापासून एक शंका आहे, आणि गेल्या महिन्यात तिच्यापायी माझ्या हातून एक गोष्ट घडली.

आमच्या गावात शाळा काढण्याआधी तुम्ही उदगीरला एका अमेरिकन पाद्र्याला मराठी शिकवत होता. त्याची बायको पेटीवर त्यांच्या देशाची गाणी म्हणायची. ती तुम्ही मराठीत केली आणि मारुतीच्या ओसरीवर आम्हाला भजनाच्या चालीत शिकवली. आपल्या मुलखाचं काही शिकवलं तर वरून विचारणा व्हायची. अमेरिकेचं कुणाला काय पडलं होतं? समुद्रापलीकडच्या राजानं चहावर कर बसवला आणि लोकांनी पेट्याच्या पेट्या पाण्यात फेकल्या, हे आम्ही बेंबीच्या देठापासून म्हणायचो. चहा आमच्यातल्या एकानंही पाहिला नव्हता. मग भाऊ भावाशी लढला त्या युद्धातल्या आईचं गाणं, आणि गुलामांचं, कापूस वेचतानाचं.

गाव तुमच्याकडे तिरक्या नजरेनंच बघायचं. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे आणि म्हणते आहे, "मास्तर बाटलाय म्हणं. गाण्यातून पोरं बाटवून राहिलाय. तू नुसतं तोंड हालव, आवाज काढू नको." मी महिनाभर तसंच केलं. पण तुम्हाला संध्याकाळी मारुतीला तेल घालताना मी पाहिलं होतं, म्हणून ती भीती मला कधी खरी वाटली नाही. माझी शंका वेगळी होती. त्या कापसाच्या गाण्यात मालक घोड्यावरून बांधावर येतो, बाई जात्यावर बसते, ज्वारीची कणसं राखायला माळा असतो. मी एकदा उभा राहून विचारलं, "मास्तर, अमेरिकेत ज्वारी हाय का?"

सगळी पोरं हसली. तुम्ही नाही हसलात. "तिकडं मका असतो. मका म्हणलं की तुझ्या तोंडाला पाणी सुटंल आन् गाणं ऱ्हाईल बाजूला. बस खाली, लई शाना झालास!"

मी बसलो, पण पटलं नाही. वय वाढलं तशी शंका वाढत गेली. तो घोड्यावरचा मालक मला आमच्या देशमुखासारखा दिसायचा. हे गाणं तुम्हीच रचलं असावं आणि भीतीपोटी अमेरिकेच्या माथी मारलं असावं, असं वाटू लागलं. तुम्हाला विचारायचं धाडस झालं नाही, आणि पटकीच्या साथीत तुम्ही गेलात.

गेल्या महिन्यात गावात सप्ताह होता. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची. दुपारचा पहारा माझा. त्या वेळी माणसं पेंगतात, म्हणून मी कापसाचं गाणं लावलं होतं: रान तुझं, कापूस तुझा, गळ्यातला सूर तेवढा तुझा नाही. तेवढ्यात परवानगीचा कागद बघायला उदगीरच्या ठाण्याचा अमीन आला. सध्या चार माणसं जमली की पोलीस येतात. तो खांबाला टेकून ऐकत राहिला. मग म्हणाला, "ये किसका गाना है? मालिक कौन? किसकू सुना रै तुम?"

त्याच्याबरोबरचा कारकून आपल्याकडचाच. तो हळूच म्हणाला, "काका, कोन्या संताचं हाय ते सांगा. न्हाई तर सप्ताह इथंच मोडल, आन् तुम्हाला उदगीरला यावं लागल."

वीणा गळ्यात होती. ती असताना मी साधं घरचंसुद्धा बोलत नाही, खोटं तर दूरच. तुमचा शब्द खरा मानला असता तर सोपं होतं: साहेब, हे अमेरिकेतल्या गुलामांचं आहे, माझ्या मास्तरांनी शिकवलं. पण तो शब्द मला खोटा वाटत होता, आणि वीणा गळ्यात ठेवून तो उच्चारायला जीभ वळेना. माझ्या लेखी ते तुमचं होतं, आणि तुम्ही मला संतासारखेच. "संताचंच हाय," मी म्हणालो.

"मग नाव कुठंय त्यात?" कारकून म्हणाला. "शेवटाला नाव असतंय की."

मी डोळे मिटले आणि उभ्या उभ्या एक कडवं जोडलं. घाईत दुसऱ्या एकाही संताचं नाव सुचलं नाही. तुमचं नाव आलं. 'म्हणे' जोडून ते गायलो. मागच्या टाळकऱ्यांनी उचललं, पेंगणारेही जागे झाले. अमीनानं कारकुनाकडे पाहिलं, कारकुनानं मान डोलावली, आणि दोघे गेले.

आता गावात ते गाणं तुमच्या नावानं म्हणतात. म्हाताऱ्या बाया शेवटच्या कडव्याला हात जोडतात. परवा एकीनं विचारलं, "हे कुठले हो महाराज?" मी म्हणालो, "उदगीरकडचे." त्यात खोटं काही नव्हतं.

पण मास्तर, तुम्ही खरं बोलला असाल तर? पाद्र्याचा बंगला अजून आहे. जुन्या मडमेची लेक आता तिथं राहते, पेटीही आहे म्हणतात. मी दोनदा फाटकापर्यंत गेलो. गाण्यातली गोष्ट विचारली असती तर तिनं लगेच सांगितलं असतं. दोन्ही वेळा माळ्याला विचारलं, इथं गोऱ्हा विकायचा आहे का, आणि परत आलो. तिकडं कुणी कापूस वेचणाऱ्यानं ते रचलं असेल, तर त्याचं गाणं काढून मी तुमच्या नावावर केलं आहे. हे मला कळायला नको आहे.