सोमवार ते शुक्रवार, रोज एक गाणं

सोमवार, ६ जानेवारी

उजवा गेलाच आहे. डावाही चाललाय. कानाच्या डॉक्टरीणबाई कागदावरची रेघ दाखवत होत्या, घसरगुंडीसारखी खाली येणारी. माझी बायको मानसी प्रश्न विचारत होती, मी भिंतीवरचं कानाचं चित्र बघत बसलो. गिटार शिकवणाऱ्या माणसाला हे व्हावं! मशीन लावलं तर बोलणं बरंचसं कळेल म्हणाल्या. आणि संगीत? ‘ते पूर्वीसारखं नाही.’ एवढं मात्र स्वच्छ ऐकू आलं.

बाहेर आल्यावर मानसीला बजावलं — कुणाला बोलायचं नाही. बहिऱ्या मास्तरकडे पोराला कोण पाठवेल?

मंगळवार, ७ जानेवारी

सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून फुलं, देव, सुविचार. सेक्रेटरी ईश्वरभाई मागे म्हणाले होते, सर, आप म्युझिकवाले हो, काहीतरी चांगलं टाका ना, कामाच्या दिवशी सबका मूड ऑफ रहता है. तेव्हा हसण्यावारी नेलं होतं. आज सुरू केलं. सोमवार ते शुक्रवार रोज एक गाणं, जुनं रॉक नाहीतर ब्लूज.

खरं कारण वेगळंच. डाव्या कानात थोडं शिल्लक आहे तोवर आवडती गाणी एकदा शेवटची ऐकून घ्यायचीत. आणि एकट्याने ऐकवत नाही.

पहिलं दिलं ते नुसती गिटार आणि पायाचा ठेका. खाली लिहिलं, ‘निघताना ऐका. या माणसाने आपल्यापेक्षा वाईट दिवस काढलेत.’ भराभर अंगठे आले.

शुक्रवार, १० जानेवारी

ब्लूजमध्ये ओळ दोनदा म्हणतात. दुःख एकदा सांगायचं, तेच पुन्हा सांगायचं, तिसऱ्या ओळीत त्याला उत्तर. परभणीला बाबांच्या गायन पार्टीत तरी वेगळं काय होतं? बाबा भीमगीताची ओळ टाकायचे, मागचे कोरसवाले ती उचलायचे, तोवर बाबांचा श्वास भरलेला असायचा. मी पेटीशेजारी बसून ऐकायचो. ब्लूज मला कधी परका वाटलाच नाही.

यातलं ग्रुपवर काही लिहिलं नाही. ‘शुक्रवारचं आहे, जोरात लावा’ एवढंच. माझ्याकडे जोरात लावूनही वरचे सूर येत नाहीत. पत्र्याच्या डब्यात वाळू हलवावी तसं काहीतरी येतं.

जिन्यात प्रभावतीकाकू भेटल्या. तळमजल्यावर राहतात, डबे करून देतात, सकाळभर चपात्या लाटत असतात. गाणं आवडलं म्हणाल्या असाव्यात. मी मान डोलावली. हल्ली सगळ्यालाच डोलावतो.

बुधवार, १५ जानेवारी

क्लासमध्ये साहिलची गिटार बेसूर होती. मला कळलंच नाही! बाकीची पोरं एकमेकांकडे बघून हसायला लागली तेव्हा कळलं. थोडे दिवस सुट्टी घेऊ म्हणालो आणि घरी येऊन मोजे न काढता पडून राहिलो.

गुरुवार, १६ जानेवारी

डावा आज उघडलाच नाही.

रविवार, १९ जानेवारी

लाल इलेक्ट्रिक गिटार पुसत होतो. सहज तिच्या टोकावर हनुवटी टेकवली आणि तार छेडली. दातांत सूर आला! हाडातून. पुन्हा छेडली, पुन्हा आला. ढसाढसा रडलो. मानसी स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं पडलोबिडलो.

आता दुसऱ्यांची गाणी सुचवणं बंद. कोणतं कसं वाजतंय ते मलाच कळत नाही, तर लोकांना कुठल्या तोंडाने ऐका म्हणू? जुनी गाणी मीच वाजवून व्हिडिओ टाकणार. केबल थेट फोनला जोडली की फक्त गिटार जाते, घरातला मिक्सर-कुकर त्यात येत नाही. मानसीकडून तपासून घेणार नाही. दुधवाला काय म्हणतो तेही आता तिला विचारावं लागतं. एवढी एक गोष्ट तरी माझी मी करेन.

मंगळवार, २१ जानेवारी

काल टाकला, आज टाकला. फोन स्टुलावर उभा केला की मी अख्खा दिसतो, चपलांसकट. अंगठेच अंगठे. मानसीने ऑफिसला जाता जाता बदाम पाठवला. ईश्वरभाई गेटवर भेटले, बोटाने ‘एक नंबर’ केलं.

सोमवार, २७ जानेवारी

मशीन लावून पाहिलं. मानसीचा आवाज आला, पण तो मानसीचा नव्हता. काढून ठेवलं. ती काही बोलली नाही, किंवा बोलली असेल.

दुपारभर गॅलरीत बसून खाडीकडे बघत होतो. वाटलं, कान बंद झालेत तसं बाकीचंही बंद झालं तर बरं. इथे लिहितोय, कुणाला सांगायची हिंमत नाही. मग आठवलं, उद्याचं गाणं ठरलेलं नाही. उठलो.

शुक्रवार, ३१ जानेवारी

आजचं सगळ्यांत छान झालं. संथ ब्लूज, बाबांच्या गाण्यातली एक जागा मधेच घातली. शेवटचा सूर दातांत बराच वेळ राहिला. ग्रुपवर अंगठे, टाळ्या. हे एक उरलंय. हे आहे तोवर मी आहे.

सोमवार, ३ फेब्रुवारी

सकाळी प्रभावतीकाकू दारात. त्या बोलत गेल्या आणि मानसीचा चेहरा उतरत गेला. मग तिने केबल तपासली आणि फोनवर टाइप करून दाखवलं — तू वाजवलेल्या एकाही व्हिडिओला आवाज नाहीये. केबल आतून तुटली आहे.

दोन आठवडे! अख्ख्या बिल्डिंगने अंगठे दिले आणि कुणीच ऐकलं नाही. मानसीनेही नाही. रिक्षात आवाज बंद ठेवून बघायचे, असं तिने लिहिलं आणि रडायला लागली.

काकूंना वाटलं होतं, आपलाच फोन बिघडला. दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेल्या. तो म्हणाला, फोन ठीक है, व्हिडिओच गूंगा है. मी आत जायला वळलो. काकू माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि सावकाश बोलल्या. ओठ नीट दिसले.

“आवाज नव्हता, तरी मी रोज लावायची. तुमचा पाय हलतो ना, त्याच्यावर चपात्या लाटायची.”

मग विचारलं, उद्या आहे ना?

हो म्हणालो. मोठ्याने म्हणालो की हळू, ठाऊक नाही.