आयुष ओव्हाळ करिता

वारजे, पुणे
दि. १२ नोव्हेंबर २०१८

चि. आयुष यास,
बाबांचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझा फोन पोलिसांकडे जमा, वकिलांनी घरी बोलायला मनाई केलेली, आणि आपल्या फोनची वायर मी स्वतः उपटून ठेवलेली. तेव्हा आता पोस्टमन काय तो आपला. वायर उपटली, कारण दिवसभर अनोळखी माणसं तुझ्या आईच्या नावानं शिव्या देत होती. ती जाऊन सहा वर्षं झाली, तिला तरी सोडा, असं एकाला म्हटलं, तर त्यानं मलाच चार हाणल्या.

तुझा तो विनोद मी चार वेळा ऐकला. आपल्या नगरसेवक विश्वजीतभाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स काढला तर मागे रस्ताच नाही हे लोकांना दिसेल, म्हणून तो वर्षभर लटकतो, असं तू म्हणालास. खरं सांगू? मला हसू आलं. पण विनोद आपला आणि दगड त्यांचे. काल पुढच्या खोलीची काच फुटली. भाऊंनी पोलिसांतली तक्रार मागे घेतली नाही तर तुला अटक होईल, असं वकील म्हणतात.

हिंजवडीची नोकरी सोडून तू लोकांना हसवायला निघालास, तेव्हा याचं पेन्शन कोण देतं असं मी विचारलं होतं. आता विचारत नाही. बंगळुरूला मित्राकडे आहेस, तिथंच राहा. कागदानं सुटत नाही असा प्रश्न मी पाटबंधारे कचेरीतल्या चौतीस वर्षांत पाहिला नाही. मी बघतो.

शालनआत्या धायरीहून रोज येते, भाकरी करते आणि मला बोलून जाते. बाकी प्रकृती ठीक. वेळेवर जेवत जा.

सदैव तुझाच,
बाबा


बंगळुरू
५ डिसेंबर २०१८

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

तक्रार मागे घेतली हे कळलंच असेल. का घेतली तेही कळलं असेल. माझ्या नावाचा एक माफीनामा भाऊंनी छापून आणला आणि तो आता ज्याच्या त्याच्या मोबाइलवर आहे. बाबा, त्यातली एक ओळसुद्धा माझी नाही! डिसेंबरचे सगळे शो कॅन्सल झाले. जे माझ्यासाठी भांडले तेच आता विचारतात, शेपूटच घालायची होती तर बोललास कशाला. त्यापेक्षा अटक परवडली असती.

म्हणून परवा मी पॉडकास्टवर तो माफीनामा ओळीनं वाचून दाखवला. काय ती भाषा! 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, अजाणतेपणी घडलेले वर्तन आपण पोटात घालावे.' मी म्हटलं, हा कोणीतरी जन्मभर वाकून बसलेला कारकून आहे, याच्या कण्यावरसुद्धा रबरी शिक्का असणार. बरोबरचा मित्र हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता. शेवटी सहीपाशी 'करिता'! मी विचारलं, अरे कोणाकरिता? तीन लाख लोकांनी ऐकलं. किती दिवसांनी लोक माझ्याबरोबर हसले, बाबा. जिवात जीव आला.

शेजारच्या पूर्वाला सांगून तिच्या मोबाइलवर नक्की ऐका. तुम्ही तर असे हजारो अर्ज लिहिलेत, तुम्हाला जास्तच मजा येईल.

आत्याला नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.

तुमचा,
आयुष


धायरी
१९ डिसेंबर २०१८

चि. आयुषास,
आत्याचा आशीर्वाद. जयभीम घालायचं आज मन होत नाही, तरी घालते.

तुझा बाप हे तुला मेला तरी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. तो कारकून तुझा बाप आहे.

काच फुटली त्याच्या दोन दिवसांनी दादा इस्त्रीचा शर्ट घालून भाऊंच्या ऑफिसात गेला. चार तास त्याला बाकावर बसवून ठेवलं. तू लिहून देणार नाहीस हे त्याला ठाऊक होतं, आणि तुझी खोटी सही करणं त्याच्या रक्तात नाही. मग कचेरीत साहेब रजेवर गेले की त्यांच्या जागी करायचा तशी त्यानं स्वतःची सही केली आणि लिहिलं, आयुष ओव्हाळ करिता. त्याला वाटलं, एवढं लिहिलं की कोणालाही कळेल, माफी पोरानं नाही मागितली, बापानं मागितली. अरे, हल्ली 'करिता' वाचतो कोण! तिथंच तो चुकला. पण ती सही तू दहा वर्षं प्रगतिपुस्तकावर पाहिलीस, तूही ओळखली नाहीस. फोटो धूसर होता म्हणशील. असेल बाबा.

तुला विचारायला हवं होतं, हे मी त्याला तोंडावर बोलले. त्याबद्दल मी त्याची बाजू घेत नाही. पण आम्ही तुझं ते ऐकायला बसलो, तुझा आवाज आला तसा तो खुलला, म्हणाला, घसा बसलाय याचा. मग ते कण्याचं आलं. पूर्वा बिचारी बंद करायला गेली. त्यानं तिचा हात धरला आणि शेवटपर्यंत ऐकलं. नंतर पाणी प्यायला आणि खोलीत जाऊन पडला.

तुझे आजोबा अंगठा उठवायचे. आपल्या घराण्यातली पहिली सही दादाची. म्हणून तर रिटायर झाल्यावर रेशन कार्ड म्हणू नको, स्कॉलरशिप म्हणू नको, येईल त्याचा अर्ज तो लिहून द्यायचा. सकाळी दारात माणसं थांबलेली असायची. आता तो सगळ्यांना सांगतो, दिसत नाही. परवा तुळजाबाई विधवा पेन्शनसाठी आली, तिलाही परत पाठवली. दिसत नाही म्हणे! त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून माझ्या सुईत दोरा तोच ओवून देतो.

मला रडू आलं रे, आयुष. आता काय करायचं ते तू बघ.

रागावलेली तरी तुझीच,
शालनआत्या


बंगळुरू
२६ डिसेंबर २०१८

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

आत्याचं पत्र आलं. हे सहावं पत्र लिहितोय, पाच फाडली.

एपिसोड काढून टाकला. पण लोकांनी त्याचे तुकडे करून ठेवलेत. कण्याचा तुकडा रोज कोणीतरी नवा माणूस मलाच पाठवतो आणि शाबासकी देतो. तो आता माझ्या हातात राहिला नाही.

माझ्या पहिल्या शोला तुम्ही कोट घालून आला होतात. तिसऱ्या रांगेत बसून कागदावर काहीतरी टिपत होतात. घरी आल्यावर सांगितलंत, लोक अठरा वेळा हसले, त्यातलं दोनदा उगाच. तेवढं लक्ष देऊन मला कोणी ऐकलं नाही. आणि मी तुमची सही ओळखली नाही.

मला न विचारता लिहिलंत याचा राग आहे, तो लपवत नाही. पण तो चार तासांचा बाक डोळ्यांपुढून हलत नाही. परत माइकसमोर बसायची हिंमत नाही माझी. चुकलो, बाबा. फार चुकलो.

केस बंद व्हायची कोर्टाची तारीख पुण्यात पंधरा जानेवारीला आहे, ती झाली की घरी येतो. तोवर एक करा. तुळजाबाईंचा अर्ज लिहा. आणि मला दोन ओळी पाठवा. शिव्या घाला, पण तुमच्या अक्षरात घाला.

पदरात घ्या,
आयुष


वारजे, पुणे
दि. ४ जानेवारी २०१९

चि. आयुष यास,
बाबांचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

अक्षर बघून घाबरू नकोस, मी बरा आहे. मी सांगतो आहे आणि पूर्वा लिहिते आहे.

तुला न विचारता कागद पुढे पाठवला ही माझी चूक. नोकरीत असतो तर मेमो मिळाला असता. माफी मात्र तू मागू नकोस. आपल्या घरातून एक गेली तेवढी पुरे. आणि बोलणं थांबवू नकोस. थांबवलंस तर मी त्या बाकावर उगाच बसलो असं होईल. त्यांचं पाणीही प्यायलो नाही मी.

तुझं पत्र आल्यावर दोनदा कागद घेऊन बसलो. आत्या म्हणते ते खरं, डोळे चांगले आहेत, हातही थरथरत नाही. पण 'महोदय' लिहिलं की तुझा तो मित्र हसायला लागतो. मी पेन खाली ठेवतो, तरी तो हसतच असतो. तुला बोल लावत नाही. तू दोन ओळी मागितल्यास आणि त्या होत नाहीत, म्हणून खरं कारण सांगितलं.

तुळजाबाईंच्या अर्जाची काळजी करू नकोस. तोही पूर्वानं लिहिला. मी सांगितलेलं 'सविनय सादर करतो' तिनं गाळलं आणि सरळ लिहिलं की नवरा वारला आहे, पेन्शन सुरू करा. वाचून बरं वाटलं. आता दारात येतात त्यांना मी तिच्याकडे पाठवतो.

पंधराला ये. आत्या मेथी आणून ठेवणार आहे. आल्यावर या विषयाचं काही काढू नकोस, हातपाय धू आणि जेवायला बस.

पूर्वा म्हणते आहे, काका, निदान सही तरी तुमची करा. पेन माझ्यापुढे धरून बसली आहे. मी तिला सांगितलं, बाई, तूच कर. कशी करायची ते तिला दाखवलं आहे.

तुझ्यावरची माया तिळभर कमी झालेली नाही, एवढं समजून असावं.

भीमराव ओव्हाळ करिता,
पूर्वा