एका झाडाला एक कडवं

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वी संत्र्याच्या बागेत फवारणीचा मुकादम आणि आता निवांत, असे लिहून ठेवतो की हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने नव्हे, सकाळचा चहा घेऊन, चांगल्या उजेडात बसून करीत आहे. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. माझे मन ठिकाणावर आहे. हे वाक्य सगळेच लिहितात. मी ते अनुभवाने लिहितो. माझे मन एकदा ठिकाण सोडून गेले होते आणि परत आले. त्यामुळे दोन्हींतला फरक, ज्यांचे मन कधी हललेच नाही त्यांच्यापेक्षा मला जरा जास्त कळतो.

हे आधीच सांगण्याचे कारण माझा मुलगा. गेल्या महिन्यात पुढच्या खोलीवरून आमची बोलाचाली झाली. त्या खोलीत माझा बागेतला जोडीदार राहतो. त्याला सगळे शिट्टी म्हणतात, मीही म्हणतो. खोलीचे दार रस्त्यावर उघडते, म्हणून मुलाला तिथे बियाण्यांचे आणि फवारणीच्या औषधांचे दुकान काढायचे आहे. मी म्हणालो, शिट्टी आहे तोवर खोली त्याची, आणि तसे मी लिहूनच ठेवणार. तेव्हा मुलगा म्हणाला, "लिहा की, बाबा. तुमची हॉस्पिटलची फाईल माझ्या कपाटात आहे. वेड्यांच्या वॉर्डात दीड महिना काढलेल्या माणसाचा कागद कोण मानतं ते बघू."

म्हणून त्या फाईलमध्ये जे आहे ते मी आपल्या हातानेच इथे लिहितो. शिट्टीची खोली शाबूत राहायची तर माझे शहाणपण शाबूत ठरले पाहिजे.

कलम पहिले. राहते घर माझ्यामागे पत्नीच्या नावे व्हावे. तिच्यानंतर ते मुलगा आणि मुलगी यांना निम्मे निम्मे. बँकेत जे काही असेल ते सर्व पत्नीचे. त्याबद्दल मुलांनी तिला हिशेब विचारू नये. तिने मला आयुष्यात एकदाच हिशेब दाखवला आणि त्यानेच मी वाचलो. ते पुढे येईल.

कलम दुसरे. माझ्या शाळेची कवितांची पाच पुस्तके मुलीला द्यावीत. चौथीच्या पुस्तकाचे कव्हर गेले आहे आणि मधली चार पाने मी बागेत खिशात नेऊन नेऊन विरवली आहेत. तिने ती चिकटवायला जाऊ नये. मला पाठ आहेत. तिला फोनवर सांगून ठेवीन.

कलम तिसरे. पाठीवरचा पितळी पंप कोणालाही देऊ नये, शोभेला म्हणूनसुद्धा नाही. कितीही धुतला तरी त्याचा वास जात नाही. आधी तळाला भोक पाडावे, मग भंगारात घालावा. नाहीतर कोणीतरी हौसेने त्यात पाणी भरून ठेवेल.

पंपाचा विषय निघाला आहे तर मुख्य गोष्ट इथेच सांगतो. फवारणीत सगळी करामत वेळेची असते. एका झाडाशी जास्त थांबलात तर औषध पानांवरून ओघळून मातीत जाते, कमी थांबलात तर कीड तुम्हाला हसते. बाकीचे मुकादम मनात आकडे मोजत. मला आकड्यांचा लहानपणापासून कंटाळा. मी कविता मोजायचो. लहान झाडाला एक कडवे, मोठ्याला दोन, आणि प्रत्येक ओळीला पंपाचा दांडा एकदा खाली. चौथीत आमच्या बाई सगळ्या वर्गाला उभे करून एका सुरात कविता म्हणायला लावायच्या. खिडकीतून ऊन यायचे आणि त्यात खडूची धूळ तरंगत राहायची. बागेत फवारा उडाला की उन्हात तसेच काहीतरी तरंगायचे, आणि मी पंपासकट चौथीच्या वर्गात जाऊन उभा राहायचो. इतका सुखी माणूस त्या बागेत दुसरा नसेल.

पण कविता रुमालाआडून म्हणता येत नाही. शब्द गुदमरतात. म्हणून मी नाकातोंडावरचा रुमाल गळ्यात उतरवून ठेवायचो, आणि हाताखालच्या माणसांनाही तेच वळण लावले. शिट्टी शाळेत गेलेला नव्हता. त्याच्या तोंडी शब्द बसेनात, तेव्हा मी त्याला नुसत्या चाली शिकवल्या. तो अख्खे कडवे शिट्टीवर वाजवायचा. एका झाडाला एक. नाव तिथूनच पडले. मालक पाहुण्यांना बांधावर आणून दाखवायचे की या दोघांच्या ओळींत थेंब वाया जात नाही. खरेच जात नव्हता. झाडावरून उरलेला आम्ही श्वासात घेत होतो.

सत्तावीस वर्षे असे चालले. सेहेचाळिसाव्या वर्षी माझी झोप गेली. हात थरथरायचे, भर उन्हात थंडी वाजायची. मग राग आला, तोही कशावरही: बटणावर, चपलेवर, नळाच्या आवाजावर. रागाच्या मागून असे काही यायचे की दिवस दिवस भिंतीकडे तोंड करून पडावे. आणि एके दिवशी ओळीच्या पहिल्याच झाडाशी उभा राहिलो तर कडवे आठवेना. दुसरी कविता आठवून पाहिली, तीही नाही. मी झाडाशी उभा, पंप भरलेला आणि डोक्यात कोरी पाटी. मरणाचा विचार त्या दिवशी पहिल्यांदा डोकावला. मी तो कोणाला सांगितला नाही. इथे सांगतो, कारण फाईलच्या दुसऱ्या पानावर तो आहेच.

घरच्यांना वाटले मी प्यायला लागलो. पत्नीला तसे वाटले नाही. ती भिंतीवरचे कॅलेंडर घेऊन बसू लागली. मी फवारणी करीन त्या तारखेभोवती गोल, आणि ताट भिरकावीन किंवा अंथरूण सोडणार नाही त्या तारखेवर फुली. पाच महिन्यांनी तिने मला डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी विचारले, त्रास कधीपासून. मी म्हणालो, त्रास काही नाही, हिलाच हौस. तिने पिशवीतून कॅलेंडर काढून टेबलावर पसरले. प्रत्येक गोलाच्या पुढे दोन-तीन दिवसांत फुली होती, आणि पाऊस पडून फवारणी थांबली तो महिना बहुतेक कोरा होता. डॉक्टर तेव्हा तरुण होते. बराच वेळ बघत राहिले, मग तिलाच म्हणाले, "ताई, हे मला कॉलेजात कोणी इतकं स्वच्छ दाखवलं नव्हतं."

त्यांनी समजावले ते असे: हे विष श्वासातून आणि कातडीतून थोडे थोडे शिरते, नसांवर चढते, आणि मन काही नसांच्या बाहेर राहत नाही. मी दीड महिना वॉर्डात होतो. तिथे माझ्याशी कोणी वाईट वागले नाही. बत्तिसाव्या दिवशी सकाळी दात घासताना चौथीतली एक अख्खी कविता आपणहून परत आली. मी ब्रश तोंडात ठेवूनच ती म्हटली. शेजारच्या खाटेवरच्या सुताराने, बहुधा मी गप्प बसावे म्हणून, टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मी पंप उचलला नाही. मालकांनी मला रोपवाटिकेत घेतले आणि साठाव्या वर्षापर्यंत मी कलमे बांधली. तेव्हापासून आजवर अठ्ठावीस वर्षे मन जागच्या जागी आहे. फाईल इथे संपते.

कलम चौथे. बागेच्या ऑफिसातल्या कारकुनास माझी काळी छत्री द्यावी. मला ओळीत चक्कर आली त्या दिवशी त्याने रजिस्टरात 'सकाळी उपाशी आला' असे लिहिले. मी चांगला पोटभर खाऊन आलो होतो. छत्री तशी इतकी वर्षे त्याच्याचकडे आहे, तेव्हा शोधत बसू नये. आता ती त्याची झाली एवढेच त्याला कळवावे, म्हणजे बिचाऱ्याला मला बघून रस्ता ओलांडावा लागणार नाही.

कलम पाचवे. माझ्या मुलास, घराच्या हिश्शाखेरीज, माझी माफी. तो बारा वर्षांचा होता. खोक्याच्या फळ्या तासून महिनाभर खपून त्याने एक होडी केली होती. ती दाराशी वाळत होती आणि मी ती पायाखाली मोडली. चुकून नव्हे, मुद्दाम, दोनदा पाय देऊन. कॅलेंडरावर त्या दिवशी फुली आहे. पण फुलीने होडी भरून येत नाही. त्याने त्यानंतर घरात काही बनवले नाही, आणि मीही कधी विषय काढला नाही.

कलम सहावे, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. पुढची खोली माझ्या जोडीदारास तहहयात राहण्यास द्यावी. त्याचे कारण दया नाही. वॉर्डातून परत आल्यावर मी बागेत सांगितले की मला पोटाचा अल्सर होता. वेडा म्हणतील याची लाज वाटली. रुमाल वर घ्या, हे मी एकालाही सांगितले नाही, कारण सांगितले असते तर का ते विचारले असते. माझ्या जागी शिट्टीला मुकादम केले. तो आणखी सात वर्षे उघड्या तोंडाने शिट्टी वाजवत ओळी संपवत राहिला. शेवटी शेवटी तो वाजवेनासा झाला. रोपवाटिकेतून मला ते ऐकू येत होते, म्हणजे ऐकू येत नव्हते, आणि मला कळले होते. मग एका दुपारी तो पंप झाडाला टेकवून चालता झाला. अकरा दिवसांनी दूरच्या एका बसस्टँडवर सापडला. स्वतःचे नाव सांगता येत नव्हते. बायको त्याआधीच मुलांना घेऊन भावाकडे गेली होती. मी त्याला घरी आणले, त्याच डॉक्टरांना दाखवले. त्याला एकवीस वर्षे झाली. आज तो बरा आहे, हात कापतात, पत्त्यांत लबाडी करतो.

मुलाशी भांडण झाले त्या दिवशी अल्सरचे खोटे होते हे मी शिट्टीला सांगून टाकले. तो पाने पिसत होता. म्हणाला, "तू रुमाल वर घे म्हणाला असतास तर घेतला असता, मुकादम. तुझं मी काय ऐकलं नाही?"

त्याने पाने वाटली आणि म्हणाला, "उचल आता. मजा पण आली होती की."

हे माफ करणे आहे की नाही, मला सांगता येणार नाही. खोली मात्र त्याची आहे.

कलम सातवे. मुलाच्या दुकानावर माझा राग नाही. कीड आहे तोवर औषध विकले जाणारच. बाटली देताना तोंड झाकायला सांगावे अशी विनंती आहे, अट नाही. ऐकायचे की नाही ते त्याचे तो बघेल.

जादा मजकूर. वरचे सगळे लिहून काल कागद टेबलावर ठेवला होता. मुलाने तो उभ्याने वाचायला घेतला आणि पाचव्या कलमाशी खाली बसला. वाचून झाल्यावर म्हणाला, "मला वाटायचं मी तुम्हाला आवडत नाही."

मी म्हणालो, "होडी चांगली झाली होती रे. शीड जरा मोठं होतं."

"मोठंच लागतं, बाबा," तो म्हणाला, आणि उठून गेला. जरा वेळाने हॉस्पिटलची फाईल माझ्यापुढे आणून ठेवली. ती या कागदाला जोडली आहे. दुकानासाठी तो रस्त्यापलीकडे जागा बघणार आहे. तिथे अंधार आहे म्हणून कुरकुरही करतो आहे.

संध्याकाळी तो ड्रिल आणि एक नवी कडी घेऊन आला. पुढची खोली पूर्वी अडगळीची होती, तिला कडी फक्त बाहेरून होती, आणि एकवीस वर्षांत हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मुलाने आतून कडी बसवली, चार स्क्रू पिळले आणि म्हणाला, "काका, लावून बघा." शिट्टीने दार लोटून घेतले. कडी सरकल्याचा आवाज आला. दार काही लगेच उघडले नाही. आम्ही तिघे रस्त्यावर उभे राहिलो. मुलगा दार वाजवायला गेला, तर त्याच्या आईने त्याचा हात धरला आणि म्हणाली, राहू दे, त्याची खोली आहे.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, साक्षीदारांसमक्ष सही केली आहे.

स्थळ: राहते घर, मधली खोली
दिनांक: महिन्याचा दुसरा सोमवार, सकाळी साडेदहा

सही: मुकादम

साक्षीदार १: डॉक्टर. लिहून देणाऱ्यास अठ्ठावीस वर्षे तपासत आहे. पूर्ण शुद्धीवर आहेत. सहीपूर्वी मला एक कविताही ऐकावी लागली.

साक्षीदार २: शेजारचा शिंपी. माझ्यासमोर सही झाली. मुलगा हजर होता, त्याने हरकत घेतली नाही. कागद वाऱ्याने उडू नये म्हणून तोच धरून उभा होता.