पाच स्पीकर आणि एकच कान

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा लोकांच्या घरी होम थिएटर बसवून त्याचा आवाज जुळवून देण्याचा, आज रविवारी सकाळी माझ्या दुकानावरच्या खोलीत बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. बुद्धी ठिकाणावर असल्याचा आमच्या डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत टाचला आहे. अक्षर वाकडे येत आहे ते वयाने नव्हे. परवा मंगळवारी माझ्या डोक्याची शस्त्रक्रिया आहे आणि मी घाबरले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. करायची वेळ इतक्यात येईल असे वाटलेही नव्हते.

१. घर. दुकानावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्चीवरचा हक्क माझ्या एकुलत्या एका मुलीला द्यावा. बँकेतली ठेव व दागिने तिचेच. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. न्हाणीघराचा नळ उजवीकडे पिळला की बंद होतो, डावीकडे नाही. हे तिला माहीत आहे, पण विकत घेणाऱ्याला सांगावे.

मुलीला शस्त्रक्रियेबद्दल मी सांगितलेले नाही. ती दुसऱ्या गावी शिकवते, तिच्याकडे परीक्षा चालू आहेत. हे कारण मी स्वतःला इतक्या वेळा सांगितले आहे की आता ते खरे वाटायला लागले आहे.

२. दुकान आणि मागची ऐकायची खोली. ही खोली मी आणि माझ्या धाकट्या भावाने मिळून बांधली. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "यातलं कुठलं चांगलं?" म्हणून आम्ही तिन्ही प्रकार एकाच खोलीत बसवले. पहिला पाच-एकचा: माणसाभोवती पाच स्पीकर, आणि दणक्यांसाठी जमिनीवर एक मोठा खोका. दुसरा सात-एकचा: त्यात पाठीमागे आणखी दोन. तिसरा छतात स्पीकर असलेला, अ‍ॅटमॉस आणि त्याच्या जातीचे. पहिल्या दोहोंत प्रत्येक आवाज कुठल्या स्पीकरमधून यायचा हे आधीच ठरलेले असते. तिसऱ्यात आवाजाबरोबर फक्त त्याची जागा लिहून येते, डोक्यावर, खांद्यामागे, दाराशी, आणि कुठल्या स्पीकरने किती वाजायचे ते यंत्र ठरवते.

गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना रुमाल बांधून मी तिन्ही ऐकवत असे. पण आधी तिन्हींची पातळी सारखी करून घेत असे, कारण जरा मोठ्याने वाजणारे माणसाला नेहमीच चांगले वाटते. पातळी सारखी केली की निम्म्या लोकांना पाच आणि सातातला फरक सांगता येत नसे. भावाला याचा संताप यायचा.

"ताई, फरकच ऐकू आला नाही तर तो महागडं घेईल कशाला?"

"नको घेऊ दे. लहान खोलीत पाच नीट बसवले तर पुरतात."

"तू दुकान चालवतेस की शाळा?"

नऊ वर्षांपूर्वी याच वाक्यावर तो गेला आणि पुलापलीकडे स्वतःचे दुकान थाटले. तेवढे मी पचवले असते. पण तिकडे त्याने माझ्याच एका गिऱ्हाइकाला सांगितले, "ताईचे कान म्हातारे झालेत, तिला वरचं काही ऐकू येत नाही." तेव्हापासून आम्ही बोलत नाही. तेव्हा माझे कान चांगले होते हे मी इथे लिहून ठेवते, म्हणजे त्याला वाचावे लागेल.

दुकान मुलीने विकावे किंवा भाड्याने द्यावे. खोलीतले स्पीकर भिंतीतून उपटून काढू नयेत, स्क्रू सोडवून काढावेत.

३. तांब्याच्या तारेवर सोन्याचा मुलामा दिल्याने आवाज "रेशमी" होतो असे सांगणाऱ्या केबलवाल्याने मला नमुन्याची लांबलचक केबल भेट दिली होती. ती त्याला परत करावी. गच्चीवर कपडे वाळत घालायला ती फार चांगली आहे हा माझा अभिप्रायही त्याला कळवावा.

४. आता जे लिहायचे टाळत आहे ते लिहिते.

सात महिन्यांपूर्वी एका विमा एजंटाच्या घरी मी नवी जोडणी तपासत होते. चाचणीच्या तुकड्यात एक हेलिकॉप्टर मागून डावीकडून येते आणि पुढे उजवीकडे निघून जाते. त्या दिवशी ते डावीकडून आलेच नाही. एकदम मधोमध उगवले. मी डावा स्पीकर उघडला, वायर बदलली, यंत्र बदलले, एजंटाच्या सुताराला "खिळा ठोकताना वायर तोडलीस" म्हणून झापले. शेवटी एजंटाची बायको दारातून म्हणाली, "अहो, डावीकडचा वाजतोय की. चांगला खणखणीत वाजतोय."

मी त्या स्पीकरला हात लावला. पडदा थरथरत होता. तळव्याला आवाज लागत होता, कानाला नाही. मी तिथेच सतरंजीवर बसले आणि "चक्कर आली" म्हणून सांगितले.

त्यानंतर मागच्या महिन्यापर्यंत मी कोणाला काही सांगितले नाही. काम करत राहिले. दोन कान असले तरच आवाज कुठून येतो ते कळते. एका कानाला आवाज असतो, पण त्याला जागा नसते. चौकात हॉर्न वाजला की मी खिळून उभी राहायचे, कारण गाडी कुठल्या बाजूने अंगावर येते आहे ते समजत नसे. एकदा शेजारच्या शिंपीणबाईने मला दंडाला धरून मागे ओढले. "अगं, डोळे मिटून चालतेस का?" मी हसले. घरी आल्यावर कितीतरी वेळ चप्पल काढायचे सुचले नाही.

५. मास्तर. हे निवृत्त शिक्षक, चाळिशीत दृष्टी गेलेले. पत्नी होती तोवर ती शेजारी बसून त्यांना चित्रपटात काय चालले आहे ते सांगायची. ती गेल्यावर ते माझ्याकडे आले. म्हणाले, "बाई, आता मला सांगणारं कोणी नाही. आवाजावरून जेवढं दिसेल तेवढं दाखवा."

त्यांच्या खोलीत मी तिन्ही प्रकार लावून पाहिले. पाच-एकवर ते म्हणाले, "माणसं माझ्याभोवती आहेत." सात-एकवर म्हणाले, "पाठीमागेही कोणी आहे." मग मी छतातले चालू केले. प्रसंगात वरच्या मजल्यावर कोणीतरी चालत होते. मास्तरांनी मान वर केली, हनुवटी त्या पावलांबरोबर खोलीभर फिरली आणि ते म्हणाले, "आत्ता मला घर दिसलं." महागड्याचाही उपयोग असतो, या बाबतीत माझा भाऊ बरोबर होता. हे मी त्याला तोंडाने कधी सांगितले नसते.

चार महिन्यांपूर्वी त्यांचे यंत्र जळाले. नवे बसवल्यावर आवाज पुन्हा जुळवावा लागतो. मापाचा मायक्रोफोन सांगत होता की दोन्ही बाजू सारख्या आहेत. मला डावी बाजू मेल्यासारखी वाटत होती. तीस वर्षे मी यंत्रापेक्षा कानावर भरवसा ठेवला होता. मी मायक्रोफोन पेटीत टाकला आणि डावीकडचा आवाज चढवत नेला. कान वाईट आहे हे मला ठाऊक होते. तरी केले. कान वाईट आहे हे मान्य केले असते तर मग माझ्याकडे उरले काय असते?

पंधरा दिवसांनी मास्तरांचा फोन आला. "बाई, तुम्ही बऱ्या आहात ना?"

"का हो?"

"सगळी माणसं डावीकडे सरकून बसलीत. तुम्ही अशी चूक करणार नाही, म्हणून विचारलं."

"त्या चित्रपटाचं ध्वनिमुद्रणच तसं आहे, मास्तर."

"बरं," ते म्हणाले.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे सहज डोकावले. खुर्ची मधल्या जागेवरून हलवून पार उजव्या भिंतीला लावलेली होती. आवाज सारखा लागावा म्हणून त्यांनी स्वतःच ती सरकवली होती. खुर्चीकडे जायच्या नव्या वाटेवर स्टूल येत होते. त्यांच्या नडगीवर जखमेची खपली होती, आणि तिच्या खाली दुसरी, जुनी. मी चहा अर्धा टाकून उठले आणि तिथून थेट डॉक्टरीणबाईंकडे गेले.

मला तपासणीच्या मोठ्या नळीत घातले. यंत्र ठणाठणा ठोकत होते आणि ते डोक्यामागून वाजते आहे की पायाशी, मला सांगता येईना. जन्मभर हेच सांगायचे मी पैसे घेतले. कानाच्या नसेवर गाठ आहे. सर्जन म्हणाले, "डावा कान गेलाच असं समजा. चेहऱ्याची नस वाचवायचा प्रयत्न करू. बाकीचं आत्ताच सांगता येत नाही."

"बाकीचं म्हणजे?"

त्यांनी पेनाचे टोपण लावले.

६. मापाचा मायक्रोफोन, आवाज मोजायचे मीटर, लेझरची मोजपट्टी आणि हत्यारांची पेटी माझ्या धाकट्या भावाला द्यावी, एका अटीवर. माझ्या मृत्यूनंतर त्याने पहिल्यांदा मास्तरांच्या खोलीत जावे व डावी बाजू दुरुस्त करावी. किती कमी करायची ते मी लिहीत नाही. माझ्या सांगण्यावर आता विसंबू नये. त्या सात महिन्यांत मी जुळवलेली आणखी अकरा घरे निळ्या वहीत आहेत. तिथेही जावे. मास्तरांना चूक माझी होती आणि मी खोटे बोलले हे सांगावे.

७. इथपर्यंत लिहिले आणि जिन्यावर पावले वाजली. कोण ते कळेना, कुठून ते कळेना, दार उघडले तेव्हा मी दचकून ओरडले. मुलगी होती. साक्षीदार म्हणून बोलावलेल्या शिंपीणबाईने न राहवून तिला फोन केला होता. मुलीने पिशवी खाली ठेवली, टेबलावरचे कागद उचलले आणि उभ्याउभ्या वाचले.

"आई, ही बातमी मला मृत्युपत्रातून कळणार होती?"

"तुझ्या परीक्षा..."

"परीक्षा मुलांच्या आहेत. माझी आई तू आहेस." मग सहावे कलम परत वाचून ती म्हणाली, "आणि हे काय? तू मेल्यावर मामाने जाऊन तुझ्या वतीनं माफी मागायची?"

"मला तोंड दाखवायची भीती वाटते गं."

"मंगळवारची वाटत नाही का?"

"तिची तर फारच वाटते."

"मग दोन्ही भीती घेऊनच जाऊ. आजच." तिने मामाला फोन लावला. मी नको नको म्हणत असताना लावला.

८. दुपारी आम्ही तिघे मास्तरांकडे गेलो. भाऊ रस्त्यात माझ्याशी एक शब्दही बोलला नाही. फक्त चौक आला तेव्हा माझा हात धरला. त्याच्या केसांत आता काळे थोडेच उरले आहे. मास्तरांनी दार उघडताच मी बोलून टाकले, नाहीतर जमले नसते. "मास्तर, ध्वनिमुद्रण बरोबर होतं. माझा डावा कान गेलाय. मला ते माहीत होतं, आणि मी तुमच्याशी खोटं बोलले. तुम्हाला लागलं ते माझ्यामुळे."

त्यांनी हाताने चौकट धरली. "मला अंदाज होता," ते म्हणाले. "राग आला होता. आंधळ्याला कळणार नाही असं तुम्हाला वाटलं, त्याचा." मग हळू म्हणाले, "डोळे जात होते तेव्हा मीही वर्गात फळ्यावर आठवणीनं लिहायचो. सहा महिने. पोरांना सगळं ठाऊक होतं. आत या."

भावाने खुर्ची मूळ जागी आणली, मायक्रोफोन मांडला, मीटर पाहिले आणि ओठ आवळले. किती चूक होती ते त्याने सांगितले नाही, मी विचारले नाही. तो खाली आणत गेला. मास्तर ऐकत होते. "थांबा," ते म्हणाले. "आता माणसं जागच्या जागी आहेत."

म्हणून सहाव्या कलमातल्या मास्तरांविषयीच्या ओळींवर मी रेघ मारून सही केली आहे. मायक्रोफोन व इतर हत्यारे भावाला द्यावीत, कुठल्याही अटीविना. अकरा घरे अजून बाकी आहेत. त्यातली दोन उद्या सोमवारी आम्ही दोघे मिळून करणार आहोत. मास्तर साक्षीदार म्हणून सही करायला तयार होते, पण साक्षीदाराला माझी सही होताना दिसायला हवी असा नियम आहे. भावाला हत्यारे मिळणार, त्यामुळे तोही चालत नाही.

९. मंगळवारनंतर मी शुद्धीवर आले नाही तर यंत्रावर किती दिवस ठेवायचे ते मुलीने ठरवावे, आणि ठरवल्यावर स्वतःला बोल लावू नये. मी जगले आणि तोंड वाकडे झाले तर आरसा लगेच दाखवू नये. माझ्याशी उजवीकडून बोलावे. भीती कमी झालेली नाही.

येताना भाऊ माझ्या डाव्या बाजूने चालत होता. मास्तरांच्या गल्लीच्या तोंडाशी तो काहीतरी बोलला. ओठ हललेले दिसले. सात महिने अशा वेळी मी हसून मान डोलावत आले होते. मी थांबले आणि म्हटले, "या कानानं मला ऐकू येत नाही. या बाजूला ये, आणि परत बोल."

तो मागून वळसा घालून उजवीकडे आला आणि परत बोलला. काय बोलला ते आमच्या दोघांतले आहे. ते या मृत्युपत्रात येत नाही.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, मुलीकडून मोठ्याने वाचून घेतला व तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे म्हणून खाली सही करत आहे.

स्थळ: दुकानावरची खोली
दिनांक: चौदा, रविवार, संध्याकाळ

मृत्युपत्र करणारीची सही (सहीच्या शेवटी शाई फुटली आहे, सही माझीच आहे)

आम्हा दोघींच्या डोळ्यांदेखत सही झाली:
साक्षीदार पहिली: शेजारच्या शिंपीणबाई
साक्षीदार दुसरी: डॉक्टरीणबाई