ताबुताची चादर

आबा,

आज आपल्या आळीतले चौघे जण जोडे न काढता दुकानात शिरले. खाली हिरवं कापड अंथरलेलं होतं, तरीही. तुम्ही असतात तर कापड मोजायचा गज उगारला असतात. सगळ्यांत पुढे होता तो कासाराचा थोरला, लहानपणी मोहरमात माझ्या शेजारी फकीर होऊन बसायचा तो. त्याच्या आईची मुलं जगत नव्हती, ताबुताला नवस बोलली तेव्हा हा झाला. आता कपाळाला ठसठशीत गंध लावून मला सांगतो, "यंदा ताबुताची चादर शिवायची नाही. मुंबईत दंग्यात काय झालं ते कानावर आलंय ना?" मी म्हटलं, "अरे, तुझ्या गळ्यातला हिरवा दोरा माझ्या बापानं याच दुकानात वळून दिला होता." तर म्हणतो कसा, "ते अडाणी लोकांचे दिवस होते." अडाणी! स्वतःच्या आईला अडाणी म्हणाला लेकाचा, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला किळस आली, आबा. हेच चौघे परवापरवापर्यंत ताबुतापुढे नाचत होते, सरबतासाठी एकमेकांना ढकलत होते.

मला ती सकाळ दिसते. तुम्ही आंघोळ करून, उपाशीपोटी शिवायला बसला आहात. सुई आधी देवीपुढे ठेवायची, मगच त्या कापडाला लावायची, ही तुमची रीत. आई चुलीपाशी मलिद्यासाठी पोळ्या कुस्करते आहे, गूळ किसते आहे. मी धावत येतो आणि नेमका कापडावर पाय देतो. गज पाठीत बसतो. "देवाचं आहे ते, गाढवा!" मी रडत रडत उलट बोललो, "आपला देव कुठाय तो?" तुम्ही हातातलं काम थांबवलंत. "मग तुला दिला कुणी?" एवढंच म्हणालात आणि पुन्हा खाली मान घातलीत. मूल जगलं तर या घरात सुई आहे तोवर चादर आपली, असा तुमचा नवस होता. मी जगलो. तुम्ही एक साल चुकला नाहीत, खोकल्यानं वाकला होतात तेव्हासुद्धा. तुमच्यामागे मीही चुकलो नाही. आता दुकानात शिवायचं यंत्र आहे, पण ती चादर मी हातानंच शिवतो.

ते चौघे गेल्यावर मी दार लोटून शिवायला बसलो. तुमची सून येऊन उभी राहिली. "आळीनं वाळीत टाकलं तर पोरीच्या लग्नाला कोण उभं राहील हो?" म्हणाली. तिचं काय चुकलं? ठाण्याहून कुणी एक वकील येऊन देवळात बोलून गेला. आळीत कोण कुणाच्या घरचं मीठ खातो हे त्याला ठाऊक नाही, पण आमचा धर्म काय ते मात्र त्याला बरोबर ठाऊक! मी तिला म्हटलं, "बापाचा नवस आहे, मोडणार नाही." मोठ्यानं म्हटलं. टाका मात्र दोनदा उसवावा लागला.

दिवस कलताना चाचा आले, ताबूत बसवणारे, तुमचे जिवलग. दर सालाप्रमाणे चादर न्यायला आले असं मला वाटलं. मी घडी पुढे केली. त्यांनी हात लावला नाही. "बेटा, यंदा नको," म्हणाले. "पोरं माझं ऐकत नाहीत. मुंबईहून कुणी मौलवी आलाय. हिंदूच्या हातचं कापड चढवलं तर ताबूत उठू देणार नाही म्हणतो." म्हणजे तिकडेही एक वकील पोहोचला होता! मी भडकलो. "तुम्हाला लाज नाही वाटत, चाचा?" "वाटते रे," म्हणाले, आणि उपरण्यानं डोळे पुसत पायऱ्या उतरून गेले. त्या म्हाताऱ्या माणसाला मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

मग मी दोन्हीकडच्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. माझ्या जन्माचं देणं ज्यांच्या दारात आहे, त्यांना ते नको झालं, आणि ज्यांच्या पंगतीला मी बसतो त्यांना ते पाप वाटतं. थूः! असल्या धर्मरक्षणावर थुंकावंसं वाटतं. तुमच्या सुनेनं हे सगळं ऐकलं. बाप पुन्हा गेल्यासारखं यांना दुःख झालंय, असं ती शेजारणीला सांगत होती.

हा कागद कुठे धाडायचा आहे मला? सकाळी चुलीत जाईल. म्हणून लिहितो. चाचा 'यंदा नको' म्हणाले ना, तेव्हा मला आधी हायसं वाटलं, आबा. राग त्याच्या मागून आला.